तव्यावरचा थेंब

घावन घालण्यापूर्वी तवा पुरेसा तापला आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. ओल्या बोटांनी तव्यावर पाणी शिंपडायचे. पाणी नुसतेच पसरले तर तवा अजून तापायचा आहे. चर्र आवाज करून क्षणात आटले तर तो तापला आहे. आणि थेंब गोळ्यांसारखे इकडेतिकडे धावू लागले तर तो जरा जास्तच तापला आहे.

आठवीच्या वर्गात उष्णतेचे प्रकरण शिकवत असताना एका मुलीने आम्हांला विचारले, "तवा जास्त तापला तर थेंब लवकर आटायला हवा. मग तो जास्त वेळ का टिकतो?" ते धावणारे थेंब आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो, पण हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. "ते आपल्या अभ्यासक्रमात नाही," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. त्या वर्षी तिने पुन्हा प्रश्न विचारला नाही, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

उत्तर मात्र अवघड नव्हते. तवा १०० अंश सेल्सिअसच्या थोडा वर असला की थेंब तव्याला चिकटून उकळतो आणि काही सेकंदांत आटतो. तापमान सुमारे २०० अंशांच्या आसपास गेले की वेगळेच घडते. थेंब टेकतो न टेकतो तोच त्याच्या तळाच्या पाण्याची वाफ होते. या वाफेचा पातळ थर, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, थेंबाला उचलून धरतो. वाफ कडेने निसटत राहते, तशी तळाशी नवी तयार होते. वाफेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. त्यामुळे तव्याची उष्णता थेंबापर्यंत सावकाश पोचते आणि तो मिनिटभरही टिकू शकतो. तव्याला टेकलेला नसल्याने त्याला घर्षणही जवळजवळ नसते. म्हणून तो धावतो.

योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यकाने १७५६ साली आपल्या लॅटिन ग्रंथात याचे वर्णन केले. त्याची साधने म्हणजे तापवून लाल केलेला लोखंडी चमचा, पाणी आणि वेळ मोजण्यासाठी लंबक. पहिला थेंब तीस सेकंदांहून अधिक टिकला. चमचा थोडा निवल्यावर टाकलेला दुसरा थेंब मात्र नऊदहा सेकंदांतच नाहीसा झाला. आज या आविष्काराला त्याचेच नाव आहे.

करून पाहा

कोरडा लोखंडी तवा, ड्रॉपर आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्यावे. तवा मंद आचेवर ठेवून दर मिनिटाला एकच थेंब टाकावा व तो किती सेकंद टिकला ते लिहावे. मग वेळेचा आलेख काढावा. आलेख आधी खाली उतरतो आणि मग एकदम वर चढतो. तवा शिक्षकांनीच हाताळावा. मुलांना दूर उभे करावे. तव्यावर तेल नको, आणि नॉनस्टिक तवाही वापरू नये.

हा केवळ स्वयंपाकघरातला खेळ नाही. लोखंड पाणी देऊन कडक करताना लोहार ते पाण्यात हलवतो, कारण भोवती वाफेचे वेष्टण टिकले तर लोखंड हळू आणि असमान निवते. अणुभट्टीतल्या इंधनकांड्यांवर असा थर बसला तर पाणी उष्णता काढून घेऊ शकत नाही आणि कांड्या धोकादायक तापतात. म्हणून रचनाकार ती मर्यादा आधीच गणिताने ठरवून तिच्यापासून दूर राहतात.

आता दरवर्षी आम्ही वर्गात तवा नेतो. गेल्या खेपेस एक मुलगा म्हणाला, "सर, थेंब मधूनच चांदणीसारखा का थरथरतो?" उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते. तसे आम्ही वर्गाला सांगितले आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. आठवडाभर तो कोणी पुसला नाही. त्याच्याखाली मुलांनी आणखी चार प्रश्न लिहिले.