मुहूर्त, कॅमेरा आणि मिक्सिंग

रायपूरहून दक्षिणेस धमतरीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर अभनपूर हे गाव लागते. एके काळी अरुंद रुळांची आगगाडी येथपर्यंत एकत्र येई आणि येथून तिचा एक फाटा राजिमला, तर दुसरा धमतरीला जाई. ती गाडी आता बंद झाली असून ३० मार्च २०२५ पासून मंदिर हसौदच्या वाटेने रुंद रुळांवरची गाडी अभनपूरला रायपुराशी जोडू लागली आहे. भोवतालचा मुलूख भाताचा आहे. कापणी उरकली, धान विकले गेले आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, की या टापूत लग्नाची बोलणी सुरू होतात आणि त्याबरोबरच कॅमेरावाल्याच्या दुकानातील वहीची पाने भरू लागतात.

लग्नाचे चित्रण हा व्यवसाय बाहेरून पाहणाऱ्यास कॅमेऱ्याचा व्यवसाय वाटतो. महागडे यंत्र, त्याला तोलून धरणारा गिंबल, आकाशात भिरभिरणारा ड्रोन आणि काळा सदरा घातलेली चारदोन मुले, एवढेच त्यास दिसते. परंतु ज्याच्याकडे कामाची रीघ लागलेली आहे, अशा व्यावसायिकाची खरी विवंचना यंत्राची नसून पंचांगाची असते. वर्षातील सर्व दिवस लग्नाचे असते तर हा धंदा किराणा दुकानाइतका शांतपणे चालला असता. तसे नाही. कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे छत्तीसगडी लोक जिला जेठौनी म्हणतात त्या दिवशी, देव उठतात आणि लग्नास मोकळीक मिळते; आपल्याकडे तुळशीचे लग्न लागले की जशी लगनसराई सुरू होते, तसेच हे. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत खरमास येतो. मार्चच्या मध्यापासून एक महिना पुन्हा तोच प्रतिबंध. आषाढात देव निजले, की चार महिने कामच नाही. उरलेल्या दिवसांतही गुरू अथवा शुक्र अस्तास गेला, तर मुहूर्त संपले. २०२४ साली मे आणि जून हे लग्नाचे ऐन महिने शुक्राच्या अस्तामुळे जवळजवळ कोरडे गेले. त्यातही १० मे रोजी आलेली अक्षय्य तृतीया मात्र चुकली नाही. कारण तिला मुहूर्त पाहावा लागत नाही. छत्तीसगडात तिला अक्ती म्हणतात. त्या दिवशी मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे, म्हणजे बाहुला-बाहुलीचे, लग्न लावतात आणि मोठ्यांचीही लग्ने त्याच दिवशी उदंड होतात.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की वर्षाची कमाई मूठभर तारखांत होते आणि त्या प्रत्येक तारखेस चार घरांकडून एकाच वेळी बोलावणे येते. नाही म्हटले तर त्या घरचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊन कायमचे दुरावते. हो म्हटले तर स्वतः एका मांडवात उभे राहून उरलेल्या तिन्ही ठिकाणी दुसरी माणसे पाठवावी लागतात. रायपूर, धमतरी, राजिम, नवापारा येथील ओळखीची मुले रोजावर आणायची. त्यांतील कोण वेळेवर येतो, कोणाचा हात स्थिर आहे आणि कोण जेवणाच्या पंगतीकडे लक्ष ठेवून असतो, हे अनुभवानेच कळते. विसार देताना मुलीच्या बापाने मात्र दुकानदाराचे तोंड पाहून पैसे दिलेले असतात. तो स्वतः येणार की त्याचा माणूस, हे त्याच वेळी स्पष्ट सांगणारा व्यावसायिक पुढल्या हंगामात टिकतो. हे बहुतेकांना ठाऊक असते. सांगण्याचे धैर्य थोड्यांना होते.

आता प्रत्यक्ष मांडवात जाऊ. अभनपूर-रायपूर भागात काम करणाऱ्यास एकाच पद्धतीचे लग्न ठाऊक असून भागत नाही. छत्तीसगडी लग्न चुलमाटीपासून सुरू होते. बायका गात, वाजत-गाजत जाऊन माती आणतात. मग तेल-हळद, वरातीचे स्वागत म्हणजे परघनी, व्याह्यांची थट्टा करणारी भडौनी गीते आणि उत्तररात्री भांवर. येथे काळ सैल असतो. भांवर तासभर पुढे गेली तरी कोणी रागावत नाही. सात फेरे होत असताना कॅमेऱ्यास जागा बदलण्यास सवड मिळते.

मराठी लग्नाचे गणित याच्या अगदी उलट आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर अठराव्या शतकात बसला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत तो या ना त्या रूपाने राहिला. तेव्हापासून, आणि पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आलेल्यांमुळेही, रायपूर आणि बिलासपूर येथे मराठी घरे रुजलेली आहेत. त्या घरच्या लग्नास अभनपूरचा कॅमेरावाला प्रथमच गेला, तर त्याची फजिती ठरलेली. सगळी मंगलाष्टके संथपणे चाललेली असतात. मावशी एक म्हणते, आत्या दुसरे म्हणते. त्यास वाटते, अजून पुष्कळ वेळ आहे. इतक्यात ‘तदेव लग्नं’ सुरू होते, अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव होतो, वाजंत्री कडाडते आणि माळा गळ्यात पडतात. हे सारे अर्ध्या मिनिटाच्या आत. त्याच अर्ध्या मिनिटात शेदोनशे पाहुणे खुर्च्यांवरून उठून पुढे सरकतात आणि मागच्या कॅमेऱ्यापुढे पाठींची भिंत उभी राहते. वधूवरांनी एकमेकांस पाहिल्याचा तो क्षण पुन्हा करून दाखवा, असे भटजींना सांगता येत नाही. म्हणून जाणता माणूस अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस एकेक कॅमेरा आधीच लावून ठेवतो, तिसरा उंचावर बांधतो आणि सकाळीच भटजींच्या शेजारी बसून विधींचा क्रम लिहून घेतो. कानपिळी कधी, लाजाहोमास धूर किती, सप्तपदीच्या वेळी कोणत्या बाजूस उभे राहावे, झाल आधी की सूनमुख आधी, हे त्या कागदावर असते. सप्तपदी तर कधीच निसटू नये. हिंदू विवाह कायदा, १९५५, याच्या सातव्या कलमान्वये जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. पुढे दुर्दैवाने वाद कोर्टात गेलाच, तर ही फीत पुढे येऊ शकते.

प्रकाशाचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने साध्या दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. डोळ्यास ते जाणवत नाही, कॅमेऱ्यास जाणवते. म्हणून चित्रे सेकंदास २५ घ्यावीत आणि झडप एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद उघडी ठेवावी, हा साधा नियम आहे. परदेशी मापाने एक साठांश ठेवली तर चित्रावरून काळसर पट्टे सरकत राहतात. मांडवातील वीज गेली आणि डिझेलचे जनरेटर सुरू झाले, की आवर्तने थोडी इकडेतिकडे होतात आणि पट्टे पुन्हा उमटतात. हळदीचा समारंभ याहून कठीण. पिवळी हळद, पिवळे कपडे, पिवळा पडदा आणि त्यावर पिवळे दिवे. रंगाचा समतोल यंत्रावर सोडला तर ते सगळ्याच पिवळेपणास दोष समजून पुसून टाकते आणि नवरी आजारी दिसू लागते. पांढऱ्या कागदावर रंग जुळवून घेण्यास अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट न दिल्याचे प्रायश्चित्त पुढे मिक्सिंगच्या टेबलावर तासन् तास घ्यावे लागते.

घडणाऱ्या घटनेसमोर यंत्र मांडून ती जशीच्या तशी टिपण्याची ही विद्या मराठी माणसास परकी नाही. मुंबईत छायाचित्रणाचे दुकान चालविणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ साली केंब्रिजहून मान मिळवून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचेही. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’स तेव्हा अजून बारा वर्षे होती. कुस्ती असो वा स्वागत, सावेदादांनाही ते दुसऱ्यांदा मिळणार नव्हते.

लग्नघरात मात्र चलच्चित्र आले ते व्हिडिओच्या फितीबरोबर. १९८२ च्या एशियाड स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, व्हीसीआर भाड्याने मिळू लागले आणि पाठोपाठ खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेतलेला गृहस्थ व त्याच्यामागे हॅलोजनचा रणरणता दिवा धरणारा पोऱ्या मांडवात दिसू लागले. बाजारात सर्रास मिळणारी फीत तीन तासांची असे; तेव्हा लग्नही तीन तासांचे झाले. गुलाबाच्या फुलातून वधूचा चेहरा उमलणे, वराचे मस्तक हृदयाच्या आकारात तरंगणे, हे अलंकार त्याच काळातील. त्यांची आज चेष्टा होते. पण त्या तीन तासांच्या फितीत एक गुण होता, तो नव्या पाच मिनिटांच्या देखण्या चित्रफितीत नाही. छत्तीसगडी लग्नात टिकावनाच्या वेळी एकेक आप्त पुढे येतो, वधूवरांस पिवळ्या तांदळाचा टिळा लावतो, भेट देतो आणि बाजूस होतो. हे कंटाळवाणे दृश्य तासभर चालते. नव्या मुलांना ते नको असते. त्यांना राजिमच्या नदीकाठी घेतलेली संथ गतीची दृश्ये हवी असतात. परंतु दहा वर्षांनी दुकानाच्या पायरीवर येऊन कोणी विचारतो ते त्या टिकावनाबद्दल. आजी आता नाही, तिचा चालता-बोलता तुकडा कोठे आहे काय? म्हणून चांगला व्यावसायिक दोन फिती देतो, एक जोडप्यासाठी आणि एक कुळासाठी. आणि दुसरीत कोणाही म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कापीत नाही.

कामाची रीघ लागलेल्या दुकानाचा खरा शत्रू लग्नानंतर उभा राहतो. हिशोब करून पाहावा. समजा एका हंगामात चाळीस लग्ने घेतली आणि प्रत्येकात तीन कॅमेरे चार-चार तास चालले. तर बारा तास प्रत्येक लग्नाचे, एकूण ४८० तास. ते नुसते एकदा पाहावयाचे म्हटले तरी रोज आठ तासांप्रमाणे साठ दिवस हवेत. निवडणे, जोडणे, रंग सुधारणे, आवाज बसविणे याला त्याच्या कितीतरी पट. चित्रणाचे पैसे लग्नाच्या दिवशी हाती येतात आणि खर्च होतात. मिक्सिंगचे श्रम मात्र पावसाळ्याच्या माथी बसतात. जुन्या कामाचे देणे फेडता यावे म्हणून नव्या कामाचा विसार घ्यायचा, असा फेरा एकदा सुरू झाला, की हे दुकान सावकाराच्या वहीसारखे होते. नवरीचा फोन आला की मालक घरी नसतो. २०२० साली तर हा फेरा एकाएकी उघडा पडला. २५ मार्चपासून देश बंद झाला, २६ एप्रिलची अक्ती सुनी गेली आणि घेतलेले विसार परत मागण्यात आले. ज्यांनी ते आधीच खर्चून टाकले होते, त्यांची अवस्था वेगळी सांगावयास नको. विसाराची रक्कम काम होईपर्यंत निराळ्या खात्यात ठेवावी आणि फीत देण्याची तारीख कागदावर लिहून द्यावी, ही शिस्त तेव्हापासून काहींनी धरली आहे.

साठवणीचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. सेकंदास १०० मेगाबिट या वेगाने चित्रण केले तर तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. बारा तासांस ५४०. दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवणे हा किमान धर्म, आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर, कारण आग आणि चोर दोन्ही एकाच खोलीत येतात. कॅमेऱ्यात एका वेळी दोन कार्डांवर लिहिण्याची सोय असेल तर ती मुद्दाम वापरावी. आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावाचून कार्ड पुसू नये, मग दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरे लग्न असले तरी.

ही फीत मालकीने कोणाची, याबद्दल दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही अंधारात असतात. कॉपीराइट कायदा, १९५७, याचे सतरावे कलम सांगते, की मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र किंवा चित्रपट तयार केला असेल, तर उलट करार नसल्यास हक्काचा पहिला धनी तो सांगणाराच. म्हणजे नवरीचे हसणे आपल्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकण्यापूर्वी कॅमेरावाल्याने तिच्या घरच्यांची लेखी परवानगी घेतली पाहिजे. गाण्यांची गोष्ट आणखी निराळी. वरातीत व लग्नाच्या समारंभात गाणे वाजविण्यास त्याच कायद्याने सूट दिलेली आहे. पण तेच गाणे फितीत बसवून जगापुढे प्रसिद्ध करणे या सुटीत बसत नाही. म्हणूनच पुष्कळांची सुरेख चित्रफीत टाकल्याबरोबर मुकी होते. तसेच अक्तीच्या गर्दीत नवरीचे वय विचारण्यास संकोचू नये. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्याइतकाच त्यास साहाय्य करणाराही शिक्षेस पात्र ठरतो.

इकडे अलीकडे आणखी एक काम वाढले आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून जुन्या व्हिडिओ कॅसेट घेऊन माणसे येतात. ऐकणाऱ्यांपैकीही पुष्कळांच्या घरी अशी एखादी कॅसेट असेल. व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले. आता जुनी यंत्रे शोधून, दोनांचे भाग एकात घालून ती चालती ठेवावी लागतात. चार-पाच पावसाळे ओलीत काढलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली असते. ती तशीच लावली तर यंत्राचे डोके खराब होते आणि फीतही ओरखडते. आधी कॅसेट उघडावयाची, कोरड्या जागी ठेवावयाची, मऊ कापडाने फीत हळूहळू पुसून घ्यावयाची आणि मग एकदाच, पूर्ण तीन तास, मध्ये न थांबता ती चालवून नव्या डिस्कवर उतरवून घ्यावयाची. गिऱ्हाईक तोवर बाकावर बसून राहते. पडद्यावर हॅलोजनच्या उजेडात डोळे मिचकावणारी माणसे एकेक करून पुढे येऊ लागली, की ते उठून जवळ उभे राहते आणि नावे सांगू लागते. ती नावे दुकानातील मुलाने कागदावर लिहून घेऊन डिस्कबरोबर द्यावीत, असा रिवाज हळूहळू पडत आहे.