उपचाराचे उद्दिष्ट कोणाचे?

बोलताना नजरेला नजर देणे अनेक स्वमग्न व्यक्तींना कष्टाचे जाते; नजर खाली ठेवली, तरच त्यांचे लक्ष बोलण्याकडे राहते. मग ही सवय मोडणे कोणाच्या सोयीचे, याचा आपण विचार करावा. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डॅमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी समानुभूतीची समस्या’ मांडली : गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, दोष मात्र एकीलाच दिला जातो. म्हणून मेंदूच्या जडणघडणीतील वैविध्य मान्य करणारा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ स्वमग्नता घालवू पाहत नाही; चिंता, निद्रानाश यांवर मात्र तो उपचार करतोच. (हा भेद विद्यार्थ्यांकडून सहज निसटतो.) पर्यवेक्षकही नवोदिताला विचारतो, उद्दिष्ट सल्लार्थीने सांगितले, की पालकांनी? ते केवळ पालकांचे असेल, तर पुढचे सत्र सल्लार्थीचे म्हणणे समजून घेण्यासाठी राखले जाते.