ग्लव्हला चाटून गेलेला चेंडू आणि वाटेतली रनर
पंचांच्या नजरेतून सॉफ्टबॉल : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण सरळ प्रसंग पाहिला. बॅटरने मारलेला फेअर चेंडू कुणाही फील्डरला न लागता, इनफिल्डरला पार करण्याआधीच, बेस सोडलेल्या रनरला लागला की रनर आऊट. तिने मुद्दाम केलं की नकळत झालं, हे पंच विचारतच नाही. चेंडू चुकवायची जबाबदारी तिची. आज त्याच प्रसंगात एक बारीकशी भर घालू. रनरकडे जाण्याआधी चेंडू पिचरच्या ग्लव्हला चाटून जातो. एवढ्यानं निकाल उलटतो, आणि माझ्या मते मैदानावर सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय याच जागी दिले जातात.

दुसऱ्या बेसवर रनर आहे, एक गडी बाद आहे. बॅटरने चेंडू थेट पिचरच्या अंगावर मारला. चेंडू टाकून झाल्यावर पिचर एका पायावर पुढे झुकलेली असते, ग्लव्ह गुडघ्याच्या आसपास असतो. तिने तो कसाबसा आडवा घातला. चेंडू ग्लव्हच्या मनगटाकडच्या कडेला लागला आणि गरगरत शॉर्टस्टॉपच्या बाजूला वळला. शॉर्टस्टॉप त्याच्याकडे धावली, रनर तिसऱ्या बेसकडे निघालेलीच होती, आणि चेंडू येऊन तिच्या नडगीवर आदळला. क्षेत्ररक्षण करणारा अख्खा संघ हात वर करून ओरडतो, ‘इंटरफिअरन्स!’ डगआऊटमधून कोच बाहेर येतो. पंचाने काय करायचं? काहीही नाही. हात खाली, नजर चेंडूवर. चेंडू जिवंत आहे, खेळ चालू आहे. रनर तिसऱ्या बेसवर पोचली तर पोचली, पुढे जाऊन होम गाठलं तर ती धावही मोजायची.

हा नियम रनरवर मेहेरबानी करण्यासाठी केलेला नाही. सॉफ्टबॉलमध्ये महिलांच्या खेळात पिचिंग प्लेट होमपासून ४३ फुटांवर असते आणि दोन बेसमधलं अंतर ६० फूट. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ते ४३ फूट अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. रनरने बॅटवरून चेंडू निघताना त्याची दिशा वाचली, आपली धाव त्याप्रमाणे बेतली. ती दिशा नंतर बदलली क्षेत्ररक्षण करणाऱ्या बाजूच्याच हाताने. चेंडू अडवायची पहिली संधी त्या बाजूला मिळाली होती आणि ती हुकली. त्या हुकण्याचा भुर्दंड रनरने का भरावा? ज्या चेंडूची वाट तिला दिसत होती तो चुकवायला सांगणं रास्त आहे. तीन पावलांवरून अचानक वळलेला चेंडू चुकव म्हणणं म्हणजे तिला अशक्य काम सांगणं.

सूट मात्र सरसकट नाही. तिने मुद्दाम अडवलं तर ती आऊटच. हेतू कसा ओळखायचा, यावर पंच वर्गांमध्ये फार गोल गोल बोललं जातं. मन कुणालाच दिसत नाही, पण शरीर दिसतं. रनरने चेंडूकडे पाहिलं आणि मग धावेची रेघ बदलली का? थांबायचं कारण नसताना थांबली का? पाय नेहमीच्या पावलापेक्षा बाजूला टाकला का? हात शरीरापासून लांब गेला का? यांपैकी काहीतरी स्वच्छ दिसलं असेल तरच ‘मुद्दाम’ म्हणावं. चेंडू लागल्यामुळे क्षेत्ररक्षकांचं नुकसान किती झालं, यावरून हेतू ठरवणं ही सगळ्यात वाईट सवय. दुहेरी बळी हुकला म्हणून रनरचा हेतू आपोआप वाईट ठरत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हे परकं वाटू नये. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटचं षटक. गप्टिलने फेकलेला चेंडू क्रीजकडे झेपावणाऱ्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला. किती धावा द्यायला हव्या होत्या यावर पुढे बरीच चर्चा झाली, पण स्टोक्सला बाद द्या असं कुणी म्हटलं नाही. सामना फिरवणारा चेंडू होता, तरीही हेतू नव्हता. तो फेकलेला चेंडू होता आणि खेळ वेगळा होता, पण पंचाला नुकसानाकडे न पाहता कृतीकडे पाहावं लागतं ते असं.

आता खरी गुंतागुंत. चेंडू रनरला लागलाच नाही. तो वळला, शॉर्टस्टॉप त्याच्यामागे गेली आणि रनर तिच्यावर आदळली. म्हणजे प्रश्न चेंडूचा उरला नाही, फील्डरचा झाला. फील्डरला मारलेला चेंडू उचलायला मोकळी वाट मिळाली पाहिजे, हे सॉफ्टबॉलचं मूळ तत्त्व. पण एकदा वळलेल्या चेंडूमागे धावणाऱ्या फील्डरला तेवढंच संरक्षण द्यायचं का? इथे नियमपुस्तकं वेगळी बोलतात.

यूएसए सॉफ्टबॉलच्या पुस्तकात, वळलेल्या चेंडूवर बळी मिळवायची संधी असलेल्या फील्डरला रनरने मुद्दाम अडवलं तर ती आऊट. म्हणजे कसोटी पुन्हा हेतूचीच. अमेरिकेतल्या शालेय खेळांच्या महासंघाचं पुस्तक वेगळ्या वाटेने जातं. त्यात फील्डरच्या पहिल्या प्रयत्नाला संरक्षण आहे. चेंडू तिच्या हातून निसटला, तरी जिथे तो तिला लागला त्या जागेपासून एक पाऊल टाकून हात लांबवला की मिळेल एवढ्या अंतरात, कुठल्याही दिशेला, ती असेल तर तो प्रयत्न चालूच आहे असं धरतात. तेवढ्या वर्तुळात रनर तिच्यावर आदळली तर इंटरफिअरन्स. हेतू विचारायचा नाही. चेंडू त्यापलीकडे घरंगळला की फील्डरचं कवच गेलं. मग चेंडूमागे धावताना तीच रनरच्या वाटेत आली, तर उलट ऑब्स्ट्रक्शन तिच्यावर लागू शकतं.

त्या पुस्तकात आणखी एक तरतूद आहे, ती नीट ध्यानात ठेवावी. पहिला प्रयत्न कुणाचा हे ठरवताना पिचरचा स्पर्श धरत नाहीत. पिचरच्या ग्लव्हला चाटून शॉर्टस्टॉपकडे गेलेला चेंडू शॉर्टस्टॉपसाठी पहिलाच. म्हणून वरच्याच प्रसंगात, शालेय नियमांनुसार, चेंडू रनरच्या नडगीला लागला तर ती वाचली, पण चेंडू उचलायला वाकलेल्या शॉर्टस्टॉपवर ती आदळली तर आऊट. स्पर्श तोच, चेंडू तोच, निकाल दोन. यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांनुसार दुसऱ्या बाबतीतही हेतू दिसायला हवा. स्पर्धा कुठल्या पुस्तकावर चालली आहे हे पंचाने सामन्याआधीच विचारून घ्यावं, ते यासाठी.

मला पाऊल-आणि-हाताची कसोटी जास्त पटते. ती अंतर मोजायला सांगते आणि अंतर डोळ्यांना दिसतं. नवख्या पंचालाही ती सांगता येते, कोचलाही पटवता येते. हेतूची कसोटी रनरला न्याय देते, पण चेंडू पायाशी पडलेला असताना धक्का खाणाऱ्या फील्डरवर ती अन्याय करते. चेंडू दोन बोटं निसटला म्हणून तिची संधी संपत नाही.

पण या सगळ्याचा पाया एकच आहे : स्पर्श झाला की नाही. आपल्याकडे शालेय सामने बहुतेक मुरमाच्या मैदानावर होतात. एखादा खडा लागला की चेंडू हातभर वळतो. हे वळणं नियमाच्या हिशेबात नाही. कुणाही फील्डरला न लागलेला चेंडू खड्यावरून वळून रनरला लागला, तर तो अस्पर्श चेंडूच, आणि मागच्या लेखातला कडक नियमच लागू. म्हणून ‘चेंडू वळला’ एवढ्यावर थांबू नये. कशाला लागून वळला, हे दिसलं पाहिजे.

ते सगळ्यात चांगलं दिसतं प्लेट अंपायरला. चेंडू त्याच्या समोरून लांब जात असतो, त्यामुळे रेघ मोडलेली त्याला लगेच कळते. बेस अंपायर बाजूला असतो. त्याला चेंडूचा वेग दिसतो, किंचित वळण दिसेलच असं नाही. ग्लव्हच्या जाळीला चेंडू नुसता घासला तर आवाजही येत नाही, फक्त ग्लव्ह थोडा मागे ढकलला जातो. चेंडू पिचरकडे आला की प्लेट अंपायरने कॅचरच्या मागून बाहेर पडावं आणि नजर ग्लव्हवर ठेवावी. रनर बेस अंपायरवर सोपवावी. निर्णय बेस अंपायरचा असला, तरी शंका आली तर त्याने सहकाऱ्याकडे जाऊन एकच प्रश्न विचारावा, ‘पिचरला लागला का?’ ‘आऊट द्यायचं का?’ असं विचारलं की जबाबदारी ढकलली जाते, आणि ते पाहणाऱ्यांनाही कळतं.

इंटरफिअरन्स दिलाच, तर चेंडू त्या क्षणी मृत. दोन्ही हात वर, आवाज मोठा, कारण मागे कुणीतरी धावतच असतं. अडवणारी रनर बाद. बॅटरला पहिला बेस. बाकीच्या रनर अडवणूक झाली त्या क्षणी शेवटी ज्या बेसला पोचल्या होत्या तिथे परत; बॅटरला पहिला बेस दिल्यामुळे पुढे सरकावं लागलं तरच त्या पुढे जातील. आणि दुहेरी बळी उधळून लावण्याचा तो उघड प्रयत्न होता असं पंचाला वाटलं, तर तिच्या लगेच मागची रनरही बाद.

राहिला कोच. तो येणारच. त्याला उत्तर देताना शब्द जपून वापरावेत. स्पर्श झाला का, हेतू होता का, हे पंचाच्या नजरेचे निर्णय आहेत. त्यांवर प्रोटेस्ट चालत नाही. पण पंच जर म्हणाला, ‘हो, पिचरला लागला होता, तिने मुद्दाम केलं नाही, पण चेंडू तिला लागला म्हणून आऊट,’ तर त्याने स्वतःच्या तोंडाने नियम चुकीचा लावल्याचं सांगितलं. त्यावर कोच पुढचा चेंडू टाकण्याआधी प्रोटेस्ट नोंदवू शकतो, आणि तो मान्य होईल.