बालवाडीतला भोंडला

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे सणासुदीचे समूहगान म्हणजे पालकांसमोर सादर करायचा कार्यक्रम, अशी समजूत अनेक बालवाड्यांत रुजली असून त्यामुळे महिनाभर तालीम होते, ध्वनिमुद्रित गाणे मोठ्या आवाजात लावले जाते आणि मुले हातवारे करतात, पण प्रत्यक्षात त्यांतील फार थोडी गातात. या वयाच्या मुलांना गाते करायचे असेल, तर मुळातच प्रेक्षक नसलेला सण निवडावा, आणि मराठी मुलखात असा सण भोंडल्याच्या रूपाने तयारच आहे.

भोंडला, ज्याला काही भागांत हादगा म्हणतात, तो आश्विनात, सूर्य हस्त नक्षत्रात असतानाच्या सुमारास खेळला जातो. कोठे तो घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत नऊ दिवस चालतो, तर कोठे सोळा दिवस. मध्यभागी पाटावर हत्ती काढतात किंवा मांडतात, हत्ती हे भरल्या मेघाचे आणि समृद्धीचे प्रतीक मानले जाते, आणि त्याभोवती हात धरून फेर धरला जातो. विदर्भ-खानदेशात याच सुमारास भुलाबाईची गाणी म्हटली जातात. परंपरेने हा मुलींचा खेळ असला तरी बालवाडीत मुलगे आणि मुली एकाच फेरात असणे स्वाभाविक आहे, आणि त्यात काहीच बिघडत नाही.

या खेळाची एक जुनी रीत बालशिक्षणाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे: पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असे रोज एकेक गाणे वाढत जाते. त्यामुळे पहिल्या दिवशीचे गाणे नऊ दिवसांत नऊ वेळा म्हटले जाते आणि नवे गाणे नेहमी ओळखीच्या गाण्यांच्या सोबतीने येते. लहान मुले आधी गाण्याचे शब्द पकडतात, मग लय, त्यानंतर चालीचा चढउतार, आणि अचूक स्वर सर्वांत शेवटी. म्हणून एका बैठकीत पाच गाणी घटवून घेण्यापेक्षा एकच गाणे अनेक दिवस कानावर पडणे त्यांना अधिक उपकारक ठरते. बालवाडीत रोज एक गाणे वाढवणे जड जात असेल, तर तीन दिवसांनी एक वाढवावे. क्रम पाळला जाणे महत्त्वाचे, संख्या नव्हे.

गाणे घेणाऱ्या ताईंच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे स्वराची उंची. लहान मुलांचे स्वरतंतू, म्हणजे कंठातील कंप पावणाऱ्या पट्ट्या, आखूड असल्यामुळे त्यांचा आवाज उंच असतो, आणि साधारणपणे पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतच्या स्वरांत तो सहज लागतो. ताई मात्र बहुधा आपल्या बोलण्याच्या खालच्या आवाजातच गाणे सुरू करतात. तो स्वर मुलांच्या आवाक्याबाहेर खाली राहतो, मग ती एकाच सुरात शब्द म्हणू लागतात किंवा ओरडतात, आणि त्यांना गळाच नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. पांढरी दोन हा षड्ज धरला, तर षड्ज ते पंचम एवढ्यात फिरणारी गाणी या टप्प्यात नेमकी बसतात, आणि भोंडल्याच्या पारंपरिक चाली बहुतेक अशाच थोड्या स्वरांत फिरणाऱ्या असतात. पुरुष शिक्षकाचा आवाज स्वभावतः एक सप्तक खाली असल्याने मुलांना त्याच्याशी स्वर जुळवणे कठीण जाते. त्याने आरंभीचा स्वर पेटीवर देऊन वरच्या, हलक्या आवाजात गावे किंवा एखाद्या मोठ्या मुलीला सुरुवात करू द्यावी. गाणे चालू असताना मात्र पेटी बाजूला ठेवलेली बरी, कारण वाजवणाऱ्याची नजर पट्ट्यांवर खिळते, आणि मुले गातात ती समोरच्या चेहऱ्याकडे पाहून.

लयीचेही तसेच आहे. लहान मुलांची स्वाभाविक पावले मोठ्यांपेक्षा जलद पडतात, म्हणून आधी शब्दांविना फेर धरून त्यांची चाल पाहावी आणि गाण्याची लय त्या चालीवरून घ्यावी. वीसेक मुलांचा फेर ओढाताणीत पडतो, तेव्हा दोन लहान फेर करून प्रत्येकात एखादी मोठी व्यक्ती असावी. पहिले दोन-तीन वेळा गाणे तोडून न शिकवता सबंध म्हणावे, आणि ते ओळखीचे झाले की ओळीच्या शेवटच्या शब्दापूर्वी थांबावे. त्या थांब्यात मुले शब्द स्वतःहून भरतात. ध्वनिमुद्रित गाणे मुलांसाठी असे थांबत नाही, हा त्याचा खरा दोष आहे. फेरात गप्प राहणारे मूल अनेकदा घरी जाऊन सगळे गाणे म्हणून दाखवते, म्हणून त्याला गाण्याचा आग्रह मुळीच करू नये.

गाण्यांची निवड जाणतेपणाने करावी लागते. साखळीगीते, म्हणजे प्रत्येक कडव्यात आधीची वस्तू पुढच्या वस्तूला जोडत जाणारी गाणी, या वयाला अत्यंत अनुकूल असतात. कारल्याच्या वेलाचे गाणे त्याच जातीचे: माहेरी जाऊ मागणाऱ्या सुनेला सासू वेल लावण्यापासून एकेक अट घालत जाते, आणि पुढची अट काय येणार याची मुले वाट पाहतात. उलट वेड्या नवऱ्याच्या गाण्याच्या काही पाठांत झोपलेली बायको मेली असे समजून तिला जाळल्याचा प्रसंग येतो. तो बालवाडीत टाळावा आणि त्याच चालीवर मुलांकडूनच नवे वेडेपण रचून घ्यावे. लोकगीत हीच मुलाची सांगीतिक मातृभाषा होय, असे हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय मानत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाड येथे परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून शैक्षणिक साधने घडवली. तोच न्याय गाण्यांनाही लावता येतो, आणि आदिवासी पाड्यावरच्या मुलांची स्वतःची गाणी फेरात यायला हवीत.

परदेशातील महाराष्ट्र मंडळांत भोंडला बहुधा सुट्टीच्या एकाच दिवशी होतो, त्यामुळे गाण्यांची दैनंदिन वाढ तेथे साधत नाही. अशा वेळी एका बैठकीत तीनच गाणी घ्यावीत आणि प्रत्येक नव्या गाण्याआधी पहिले गाणे पुन्हा म्हणावे, म्हणजे मराठी क्वचितच कानावर पडणाऱ्या मुलालाही किमान एक गाणे पुरते येते. वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ ताणू नये. मुले दमण्याआधीच खिरापतीचा, म्हणजे शेवटी वाटायच्या खाऊचा, झाकलेला डबा आणावा, तो हलवून आवाज ऐकवावा, आणि आत गोड आहे की तिखट हे प्रत्येकाला ओळखू द्यावे.