हलतं छप्पर, मऊ सांधा

ऑरेगनच्या डोंगरवाटांवर किंवा नेवाडाच्या उजाड माळावर पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली एक बुटकी पेटी हमखास नजरेस पडते. धावताना ती ट्रकच्या टपापेक्षा थोडीच उंच असते, त्यामुळे वाऱ्याला फारशी आडवी येत नाही. मुक्कामाला थांबलं, की आतून रेटा देऊन तिचं छप्पर साधारण दोन फूट वर उचलायचं. छपराच्या कडेला अडकवलेलं जाड विनाइलचं कापड ताणलं जातं आणि त्या कापडी भिंतींच्या आत माणूस ताठ उभा राहू शकतो. केबिनच्या वर पुढे आलेल्या भागात अंथरूण, खाली दोन बर्नरची शेगडी, छोटं सिंक, बसायला बाकडं. हा झाला पॉप-अप ट्रक कॅम्पर.

अमेरिकी लष्करानं 1942 साली, ऐन महायुद्धात, कॅनडातून अलास्कापर्यंत रस्ता काढला आणि युद्धानंतर तो सगळ्यांना खुला झाला. त्या वाटेवरच्या प्रवासासाठी 1950च्या दशकात आर. डी. हॉल यांनी वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर सरकून बसेल असा कॅम्पर बनवला. त्याच्या भिंती कडक होत्या. कापडी भिंतींचा हलका प्रकार पुढे रुजला. फोर व्हील कॅम्पर्स ही त्यातली जुनी कंपनी 1972ची. लेखक जॉन स्टाइनबेक 1960 साली ज्या कॅम्परमधून अमेरिका फिरला, तो सॅलिनासच्या संग्रहालयात आजही बघायला मिळतो, पण त्याचं छप्पर उचलणारं नव्हतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले असे कॅम्पर अजून धावताहेत, कारण त्यांच्यात झिजण्यासारखं फार काही नसतं. इंजिन नाही, चाकं नाहीत. ट्रक थकला की पेटी उतरवून दुसऱ्या ट्रकवर चढवता येते. त्यांना संपवतं ते पाणी, आणि ते येतं छपरातून. म्हणून जुना कॅम्पर विकत घेणाऱ्यानं शेगडी पेटते का, दिवे लागतात का हे नंतर बघावं; आधी शिडी लावून छप्पर बघावं आणि आत जाऊन कोपऱ्यांतलं लाकूड अंगठ्यानं दाबावं. मी राहतो तो पोर्टलंडचा परिसर या परीक्षेला फार कठोर आहे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पोर्टलंडला वर्षभरात साधारण नऊशे. पण इथला पाऊस ऑक्टोबरपासून मेपर्यंत बारीक भुरभुरत राहतो आणि सांध्यात शिरलेल्या पाण्याला वाळायला फुरसतच देत नाही. बारीक फटीत पाणी केशाकर्षणानं चढाच्या दिशेनंही सरकतं. त्यात रात्री गोठलं, की नऊ टक्क्यांनी फुगतं आणि फट रुंद करून ठेवतं.

जुन्या छपराची रचना समजून घेतली, की दुखणं कुठे असणार हे कळायला लागतं. तळाशी आतून दिसणारं तीन मिलिमीटरचं पातळ प्लायवूड, त्यावर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पट्ट्यांमध्ये फोम किंवा काचतंतूंची गादी आणि सगळ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. काही कंपन्या सांगाडाही ॲल्युमिनियमचा करतात, तरी प्लायवूड असतंच. हल्ली अखंड पत्रा घालतात. जुन्या छपरांवर दोन-तीन तुकडे जोडलेले असतात आणि प्रत्येक जोड म्हणजे पाण्याला एक दार. चौफेर ॲल्युमिनियमची कडपट्टी स्क्रूंनी आवळलेली असते, ते स्क्रू झाकायला विनाइलची चिंचोळी फीत, आणि मधोमध चौदा इंच चौकोनी वेंट. ज्या लाकडी पट्टीत कडेचे स्क्रू बसतात, तिलाच आतून कापडही ठोकलेलं असतं. त्यामुळे कडेचं लाकूड कुजलं, की पहिली तक्रार गळतीची येत नाही. छप्पर उचलताना कापड एका कोपऱ्यात सुटून हातात येतं आणि लोक कापड शिवायला धावतात.

आता मुख्य गोष्ट. हे छप्पर सतत हलत असतं. ते वर-खाली होतं हे तर उघडच आहे. कच्च्या रस्त्यावर कॅम्पर पिळवटतो, त्याबरोबर तेही पिळवटतं. पण सगळ्यात मोठी हालचाल डोळ्यांना दिसत नाही. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे मिलिमीटरच्या सुमारे 23 हजारांश भागानं वाढतं. पहाटे शून्य अंशावर असलेला तीन मीटरचा पत्रा दुपारच्या उन्हात साठ अंशांवर गेला, तर त्याची लांबी चार मिलिमीटरनं वाढते. त्याखालचं लाकूड रेषेच्या दिशेनं एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे दोघांना जोडणाऱ्या प्रत्येक स्क्रूपाशी, वर्षानुवर्षं, रोज ओढाताण. कारखान्यात सांध्यांत भरलेली जुनी लांबी (पुट्टी) पहिली काही वर्षं मऊ राहते, मग सुकते, तडकते आणि करड्या भुकटीसारखी झडते. छप्पर गळतं ते तिथून.

म्हणूनच जुन्या कॅम्परवर सर्रास दिसणारा उपाय मला मनापासून खटकतो. सांधा गळतोय असं वाटलं, की वरून सिलिकॉनची नळी पिळायची. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गळलं, की त्यावर आणखी एक थर. स्नानगृहातल्या फरशीला सिलिकॉन उत्तम आहे. इथे मात्र ते काही काळानं एका कडेनं सुटतं आणि सुटलेल्या पापुद्र्याखाली पाणी साठून राहतं. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनच्या उरलेल्या अंशावर दुसरं कुठलंच सीलंट किंवा रंग नीट धरत नाही. व्हिनेगरचा वास येणारा प्रकार तर जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला आणि स्क्रूंना खातो. दुरुस्तीतले निम्म्याहून जास्त श्रम आधीच्या माणसानं केलेली ही मलमपट्टी खरवडण्यात जातात. प्लास्टिकची पाती, थोडी गरम हवा, मिनरल स्पिरिट, शेवटी अल्कोहोलनं पुसणं आणि भरपूर सबुरी. लोखंडी ब्रश टाळावा. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथे गंज धरतो.

पाणी शिरतं एकीकडे आणि ठिबकतं दुसरीकडे, हे घराच्या छपराइतकंच इथेही खरं. वेंटपाशी शिरलेलं पाणी पट्टीच्या कडेनं सरकत पार अंथरुणाच्या कोपऱ्यात उतरतं. बंद भिंतींच्या कॅम्परमध्ये पंख्यानं आत हवेचा दाब वाढवून बाहेरून साबणाचं पाणी मारतात. जिथे बुडबुडे येतील तिथे भोक. कापडी भिंतींत दाब टिकत नाही, म्हणून आपल्याला जुनीच रीत बरी: एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं नळी धरायची. नळी खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्यायची, एकेका जागेवर काही मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि गुन्हेगार सापडत नाही. पुढच्या कपाळावरचे दिवे विसरू नयेत. ऐंशी इंच किंवा त्याहून रुंद गाडीला अमेरिकेत पुढच्या बाजूला पाच पिवळसर दिवे लावावेच लागतात, आणि प्रत्येक दिव्यामागे स्क्रूची आणि वायरची भोकं असतात. धावत्या गाडीवर पाऊस नेमका तिथेच आपटतो.

नुकसान किती आहे हे कडपट्टी उतरवून पत्र्याचा कोपरा उचलल्यावरच कळतं. बुरशीचा वास येत असेल तर मास्क हवाच. पत्र्याची कड पात्यासारखी असते, म्हणून जाड हातमोजेही. आतून काम करताना वर उचललेलं छप्पर चारही कोपऱ्यांत लाकडी टेकू देऊनच ठेवावं, नुसत्या यंत्रणेच्या भरवशावर त्याखाली मान घालू नये. आणि छपरावर चढायचं नाही. ते माणसाच्या वजनासाठी केलेलं नसतं. शिडीवरून हात पोचत नसेल तर दोन बाजूंच्या आधारांवर फळी टाकून तिच्यावर पालथं पडावं.

लाकूड कुजवणारी बुरशी ओल असेल तरच फोफावते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली आली, की तिची वाढ थांबते. साधं ओल मोजायचं यंत्र थोडक्या पैशांत मिळतं. आकडा पंधराच्या खाली गेल्याशिवाय मी माझ्या कॅम्परचं छप्पर बंद केलं नाही. भिजलेली काचतंतूंची गादी वाळवण्यात अर्थ नसतो, काढून टाकावी आणि तिच्या जागी पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम भरावा. टोचणी सहज आत गेली ते लाकूड कापून टाकावं, टणक लागेपर्यंत. नवी पट्टी जुन्या टणक पट्टीला लांबवर बाजूनं जोडावी, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून. इकडे डग्लस फर सहज मिळतं आणि स्क्रू चांगला धरतं. सीडर कुजायला उशीर लावतं, पण मऊ असल्यामुळे कडेला जिथे स्क्रूंची पकड हवी तिथे मी फरच वापरीन. आणि एकदा उघडलंच आहे तर मधल्या पट्ट्या कडेपेक्षा थोड्या उंच कराव्यात. जुनी छपरं वर्षानुवर्षं बर्फाखाली मधोमध बसलेली असतात. दहा सेंटिमीटर ताज्या, भुसभुशीत बर्फाचं सहा चौरस मीटरच्या छपरावर साठेक किलो वजन होतं; ओला बर्फ त्याच्या कित्येक पट. पाणी वाहून गेलं तर अर्धी गळती सीलंट लावण्याआधीच मिटते.

पत्रा परत बसवताना सीलंट पत्र्याच्या खाली हवं. कडपट्टीखाली आणि वेंटच्या किनारीखाली ब्यूटाइल टेप घालावी. हा कृत्रिम रबर चिकट आणि मऊ राहतो, पत्रा सरकला की त्याच्याबरोबर ताणला जातो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आणि एकदम करकचून आवळायचे नाहीत. टेप दाबाखाली पसरत जाते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा फेरी मारावी. बाहेर आलेली टेप कापली, की मग वरून छपरासाठीचं लवचीक सीलंट. आडव्या भागावर आपोआप सपाट होणारं, उभ्या कडेवर न ओघळणारं. हे दोन प्रकार वेगळे मिळतात. पत्र्याच्या लांब आडव्या जोडांवर रुंद चिकटपट्टी लावून रोलरनं दाबावी. पॉलियुरेथेनची पकड जबर असते आणि नेमकी म्हणूनच वेंटसारख्या पुढेमागे बदलाव्या लागणाऱ्या भागाला ते लावू नये. काढताना पत्राच फाटतो.

सगळ्यात वर पांढरा लवचीक लेप दोन थरांत लावता येतो. त्याचं खरं काम ऊन परतवणं: पत्रा कमी तापला, की कमी वाढतो आणि खालच्या सांध्यांची ओढाताण घटते. गळका सांधा त्यानं बुजत नाही. ॲक्रिलिकचा लेप साचलेल्या पाण्यात टिकत नाही आणि वाळायला कोरडी, उबदार हवा मागतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतो, तेव्हाच हे काम उरकावं. सप्टेंबरच्या अखेरीला संध्याकाळचं दव लवकर पडायला लागतं आणि अर्धओला लेप धुपतो.

कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात, तशी या छपराचीही फेरी वर्षातून दोनदा घ्यावी लागते, पावसाच्या आधी आणि बर्फ वितळल्यावर. तडकलेली रेघ दिसली तर तेवढाच भाग खरवडून भरावा. गाडी उभी करताना एक बाजू किंचित उंच ठेवावी. ओल्या कापडासह छप्पर मिटावं लागलं असेल, तर पहिल्या कोरड्या दिवशी उघडून वाळवावं. नाहीतर घड्यांमध्ये काळे डाग धरतात आणि ते जात नाहीत.

एवढं करून सांधलेल्या छपराला नवं भोक पाडायला माझा जीव धजत नाही. सौर पॅनेल हवं होतं, तर त्याचे आधार कडपट्टीच्या आधीच्याच स्क्रूंच्या जागी घेतले. वायर छपरातून न नेता बाजूच्या कडक भिंतीतून, तोंड खाली असलेल्या झाकणाखालून आत घेतली आणि छप्पर वर गेल्यावर ताणली जाऊ नये म्हणून तिला दोन फुटांहून जास्त ढील ठेवली.