खाण्याची डायरी कशी लिहावी?

"मी दिवसभरात खातेच काय? दोन वेळचं जेवण, बस!" शेजारच्या काकू परवा म्हणाल्या. मी त्यांना एक वही दिली. तोंडात जाईल ते सगळं लिहा म्हटलं.

वहीत काय निघालं? चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. सोबत खारी. भाजी निवडताना मूठभर शेंगदाणे. पातेल्यात उरली म्हणून संपवलेली साबुदाण्याची खिचडी.

चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम धरली, तरी नुसत्या चहातून ३२ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगतेय, दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम.

खाल्ल्याबरोबर लिहा. रात्री आठवून लिहिलं की नेमकं अधलंमधलं सुटतं. माप वाटी, चमचा, पोळी असंच ठेवा.

शेजारी एक रकाना हवाच: भूक होती, कंटाळा आला होता, की कुणी आग्रह केला? मला तर हाच सगळ्यात मोलाचा वाटतो.

किमान तीन दिवस लिहा, त्यात एक रविवार धरा. वहीसाठी म्हणून खाणं बदलू नका.

मधुमेह असेल तर वही डॉक्टरांना जरूर दाखवा.