दुखायचा थांबलेला कान

पनवेलमधल्या एका ऑडिओलॉजिस्टचा जुलैतला एक मंगळवार

सकाळी ८.३०

दिवसाचा पहिला पेशंट मी स्वतःच. हेडफोन चढवायचा, ऑडिओमीटरवर एकेक सूर लावायचा आणि रोजच्या पातळीला तो ऐकू येतो ना, हे बघायचं. मशीनचं कॅलिब्रेशन वर्षातून एकदा होतं. मधल्या काळात एखादी वायर ढिली झाली तर ते पडद्यावर दिसत नाही, कानालाच कळतं. मग कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारा टिंपॅनोमीटर. त्याच्यासोबत दोन मिलिलिटरची एक पोकळ डबी येते. तिच्या भोकात नळी बसवली की पडद्यावर दोनचाच आकडा यायला हवा. आला.

आमचा दवाखाना जुन्या पनवेलात. पुढच्या खोलीत कान-नाक-घशाचे सर बसतात, मागच्या खोलीत मी आणि माझी साउंडप्रूफ केबिन. जुलै म्हणजे सर्दीचा सुकाळ. शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, एका बाकावरची शिंक चार घरांत पोचलेली असते आणि तिच्यामागून आमच्याकडे कानदुखीची रांग लागते.

९.३०

करंजाड्याहून आलेली आई, मांडीवर सव्वा वर्षाचं बाळ. "रात्रभर किंचाळत होता, मॅडम. पहाटे कानातून पिवळं पाणी आलं आणि एकदम झोपलाच. आता बरा वाटतोय."

बरा वाटतोय हे खरं. कानाच्या पडद्यामागे साठलेल्या पुवाचा दाब पडदा फुटल्यावर उतरतो आणि ठणका थांबतो. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते. बाळात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजली की मधल्या कानाला हवा मिळत नाही, आत स्राव साठतो आणि नाकातले जंतू तिथे वाढतात. असे फुटलेले पडदे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात.

सासूबाईंनी लसणीचं तेल करून बाटलीत भरून दिलंय. सर बाटली उजेडात धरून बघतात आणि परत देतात. "आजींना सांगा, हे फोडणीला वापरा. कानात थेंबही नको." फुटलेल्या पडद्यातून तेल सरळ आत उतरतं.

वय दोनच्या आत आणि कान वाहतोय, म्हणजे अँटिबायोटिक लागणारच. मोठ्या मुलाचा एकच कान जरासा दुखत असेल, ताप फार नसेल, तर सर पॅरासिटामॉल देऊन दोन-तीन दिवस वाट बघायला सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत ही मुभा दिलेली आहे. बाळाच्या बाबतीत मात्र अडचण असते ती पाचव्या दिवशी, मूल खेळायला लागलं की औषधाची बाटली फ्रीजमध्ये मागे सरकते तेव्हा. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना पाच दिवस आणि दहा दिवस अँटिबायोटिक देऊन केलेल्या तुलनेचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पाच दिवसांच्या गटात ३४ टक्के मुलांमध्ये उपचार फसले, दहा दिवसांच्या गटात १६ टक्के मुलांमध्ये. सर चिठ्ठीवर 'दहा दिवस' लिहून त्याखाली दोन रेघा मारतात.

मी माझ्या वहीत बाळाची पुढची तारीख लिहिते. आईला आश्चर्य वाटतं. दुखायचं थांबल्यावर पुन्हा कशाला यायचं?

११.००

त्याचं उत्तर पुढची पेशंट आहे. साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. बाईंनी डायरीत लिहून पाठवलंय, 'वर्गात लक्ष देत नाही.' घरची तक्रारही तीच. टीव्हीचा आवाज वाढवते, तिसऱ्या हाकेला ओ देते, हट्टी झालीय. कान दुखतो का? "मार्चमध्ये दुखला होता. औषध झालं, बरा झाला."

टिंपॅनोमीटरच्या नळीच्या टोकाला तिच्या कानाच्या मापाची रबरी टोपी बसवते. "आता हलायचं नाही, बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. कानात वारा येणार." टोपी कानाच्या तोंडात घट्ट बसते. मशीन आतला हवेचा दाब अधिक २०० डेकापास्कलपासून खाली उणेकडे नेतं आणि त्याच वेळी २२६ हर्ट्झचा बारीक घूं सोडत राहतं. पडदा मोकळा हलत असेल तर दाब दोन्ही बाजूंना सारखा होतो त्या क्षणी तो आवाज सर्वांत जास्त आत जातो आणि आलेखावर डोंगर उमटतो. हिच्या आलेखावर डोंगर नाही. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सपाट रेघ. दुसऱ्या कानातही तेच. कोपऱ्यातला आकडा ०.६ मिलिलिटर, म्हणजे फक्त कानाच्या बोळाचं आकारमान. पडद्याला भोक असतं तर मधल्या कानाची पोकळीही त्यात मोजली गेली असती आणि आकडा बराच मोठा आला असता. तेव्हा पडदा शाबूत आहे, पण त्याच्यामागे हवेऐवजी चिकट पाणी आहे.

आता केबिनमध्ये. तिच्यापुढे मण्यांची वाटी आणि रिकामा डबा. टुंग ऐकू आलं की एक मणी डब्यात टाकायचा. ५० डेसिबलला मणी खणकन पडतो. ४० लाही. ३५ ला ती मणी हातात धरून थांबते, मग टाकते. ३० ला ती माझ्या तोंडाकडे बघते. मुलं इथे चेहरा वाचतात, म्हणून मी खाली कागदावर नजर ठेवते. मणी हातातच राहतो. मग कानामागच्या हाडावर कंप देणारा छोटा ठोकळा बसवते. त्यातून मात्र १० डेसिबललाही मणी पडतो. हाडातून गेलेला आवाज सरळ आतल्या कानात पोचतो. तो कान उत्तम आहे, अडथळा आहे तो वाटेत.

आईला दोन्ही कानांत बोटं घालायला सांगते आणि तोंडापुढे कागद धरून बोलते. माझा आवाज तिला येतो, शब्दांच्या कडा येत नाहीत. साप की ताप, फळ की तळ, हे नुसत्या आवाजावर ठरवता येत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात, पंख्याच्या घरघरीत, मागच्या बाकावर ही मुलगी रोज पाच तास तेच करते. आई बोटं काढते आणि एकच प्रश्न विचारते, "औषध काय?"

१.१५

डबा खाताना सरांशी त्याच प्रश्नावर बोलणं होतं. उत्तर पालकांना पचत नाही, कारण या पाण्याला खात्रीचं औषध नाही. ब्रिटनमध्ये २ ते ८ वर्षांच्या ३८९ मुलांना आठवडाभर तोंडावाटे स्टेरॉइड किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन बघितली. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला. पाच आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांपैकी ४० टक्के मुलांना नीट ऐकू येत होतं, बाकीच्यांपैकी ३३ टक्क्यांना. म्हणजे फरक भरवशाचा नाही, आणि एक तृतीयांश मुलं नुसत्या वाट बघण्यानेच सुधारलेली. २०२३च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत अँटिबायोटिक, स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या तिन्ही या पाण्यासाठी देऊ नयेत असं म्हटलंय. तीन महिने थांबा आणि ऐकणं पुन्हा मोजा. पाणी तसंच असेल आणि ऐकणं कमीच असेल, तर पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवण्याचा किंवा काही काळ श्रवणयंत्र लावण्याचा विचार करा.

सकाळचं बाळ पुन्हा पुन्हा कान फुटून आलं तर? तिथे ग्रोमेटची घाई कामाची नाही. सारखा कानाचा संसर्ग होणाऱ्या २५० लहान मुलांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०२१ साली आला. दोन वर्षांत ग्रोमेटवाल्या मुलांना वर्षाला सरासरी १.४८ वेळा संसर्ग झाला, नुसत्या औषधांवरच्या मुलांना १.५६ वेळा. एकच नळी, पण जंतूंसाठी बसवायची की ऐकण्यासाठी, यावर तिचा उपयोग ठरतो.

सरांना सध्या मोबाईलचं कौतुक आहे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी फोनला दुर्बीण जोडून पडद्याचे व्हिडिओ घेतले आणि संगणकाला शिकवलं. २०२४ साली त्यांनी दाखवलं की कानाचा ताजा संसर्ग तो सुमारे ९३ टक्के वेळा बरोबर ओळखतो. मला ते पटतं. पडदा लाल आहे की फुगलाय, हे चित्रात येतं. मुलीने ३० डेसिबलला मणी टाकला नाही, हे पडद्याच्या चित्रात येत नाही.

२.३०

नेऱ्याच्या पुढे, मालडुंग्याच्या रस्त्याला जिल्हा परिषदेची शाळा. समोर माथेरानचा डोंगर ढगात बुडालेला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी करायला आलंय, आज मीही त्यांच्याबरोबर. २०१३च्या फेब्रुवारीत या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याच्या यादीत कान फुटणंही आहे आणि कमी ऐकू येणंही.

वर्गाला पत्र्याचं छप्पर आणि बाहेर धो धो पाऊस. ऑडिओमीटर पेटीतच ठेवते. या आवाजात माझेच आकडे बिघडतील. टिंपॅनोमीटरला मात्र मुलाच्या उत्तराची गरज नसते, पाऊस पडो नाहीतर ढोल वाजो. गुरुजी विचारतात, "कान कोणाचा दुखतो रे?" तीन-चार हात वर होतात, त्यातला एक नुसताच उत्साहाचा. तरी मी सगळ्यांनाच रांगेत घेते. हात वर न केलेल्यांपैकीही काहींच्या आलेखात डोंगर येत नाही. त्यांची नावं पथकाच्या डॉक्टरांकडे जातात, आणि गुरुजींना मी तीनच गोष्टी सांगते. या मुलांना पुढे बसवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. पाऊस वाजत असेल तेव्हा सूचना लिहून दाखवा.

चौथीतला एक कातकरी मुलगा शेवटी एकटाच बसलाय. कानात कापूस, कापसाला वास. दोन पावसाळ्यांपासून कान वाहतोय. गाढी नदीत पोहतो, घरी चुलीचा धूर. वाहणाऱ्या कानात आलेख काढत नाहीत, आधी कान कोरडा करायचा. स्वच्छ कापसाची वात वळून कानात ठेवायची, भिजली की काढायची, दुसरी ठेवायची, वात कोरडी निघेपर्यंत. मग डॉक्टरांनी दिलेले सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब. वाहत्या कानाला पोटातल्या गोळ्यांपेक्षा थेंब जास्त लागू पडतात. मात्र दुकानातून कुठलेही थेंब आणायचे नाहीत. जेंटामायसिनसारखे काही थेंब भोकातून आतल्या कानापर्यंत गेले तर तिथली ऐकण्याची शक्तीच घालवू शकतात. हे सगळं मी त्याच्या मोठ्या बहिणीकडून दोनदा करून घेते, कारण रोजचं काम तीच करणार आहे. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात, नदी बंद. वास येतोय म्हणून कानाच्या सर्जनकडे पाठवणं भाग आहे. पडद्याची त्वचा आत वाढत गेली तर ती हाड खाते आणि जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोचू शकतो.

जगात दरवर्षी मधल्या कानाच्या ताज्या संसर्गाचे सुमारे ७१ कोटी प्रसंग होतात आणि कायम वाहणाऱ्या कानाचे सुमारे ३ कोटी १० लाख नवे रुग्ण तयार होतात, असा अंदाज २०१२ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने मांडला होता. पहिला आकडा दुसऱ्यात उतरतो तो अशा वाड्यांवर, दवाखाना लांब पडतो तिथे.

निघताना अंगणवाडीच्या ताई लसीचं कार्ड दाखवतात. न्यूमोकोकल लस आता सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात फुकट मिळते. २०१७ साली मोजक्या राज्यांत सुरू झाली, २०२१ मध्ये देशभर पोचली. पुण्याच्या सीरमने २०२० च्या डिसेंबरात स्वतःची लस आणली. न्यूमोकोकल लस मुख्यतः न्यूमोनियासाठी. कानाला तिचा थोडा फायदा होतो, पूर्ण नाही. कानात घुसणारे इतर जंतू आणि विषाणू उरतातच.

६.००

परत दवाखान्यात. सात वर्षांचा मुलगा फुगा फुगवून दाखवायला आलाय, नाकाने. एका नाकपुडीला गोल बोंडी लावायची, दुसरी बोटाने दाबायची, तोंड मिटायचं आणि फुगा संत्र्याएवढा होईपर्यंत जोर लावायचा. नाकातला दाब युस्टेशियन नळी उघडतो आणि हवा मधल्या कानात जाते. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर हे करून बघितलं होतं. २०१५च्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी फुगा फुगवणाऱ्यांपैकी जवळजवळ ५० टक्के मुलांचे आलेख सुधारले, न फुगवणाऱ्यांपैकी ३८ टक्के. फरक मोठा नाही, पण दुष्परिणाम फारसे नाहीत आणि थांबायच्या काळात घरच्यांच्या हाताला काम मिळतं. मुलाचे डोळे मोठे होतात, गाल लाल होतात, फुगा फुर्रकन उडून माझ्या टेबलाखाली जातो. आलेखात आज एका बाजूला बुटका डोंगर आहे. दुसरी बाजू सपाटच.

७.४५

शेवटचा अर्धा तास वहीचा. तीन रकाने: नाव, आलेख, पुढची तारीख. पहिले दोन आज भरतात. तिसरा भरला तरी माणूस येईलच असं नाही, म्हणून रोज फोन करावे लागतात. दुखरा कान आई-बापांना रात्री दोनलाही रिक्षा शोधायला लावतो. तोच कान दुखायचा थांबून पाण्याने भरलेला राहिला, की तीन महिन्यांनी कोणी आठवण काढत नाही. नव्या अभ्यासांनी आमच्या हातातली औषधं कमी केली आणि त्यांच्या जागी ही तारीख ठेवली. ती पाळली गेली नाही, तर थांबणं आणि सोडून देणं यात फरक राहत नाही.

एप्रिलमध्ये येऊन गेलेल्या एका मुलाचे वडील फोनवर आहेत. "आता काही दुखत नाही हो त्याचं. खातोय, पळतोय. सुट्टी टाकून कशाला आणू?"

"दुखत असताना फक्त दुखणं बघता येतं. ऐकू किती येतं ते दुखत नसतानाच नीट मोजता येतं. वीस मिनिटांचं काम आहे."

शनिवारी संध्याकाळी चालेल का, असं विचारतात. साडेसहाची वेळ लिहून घेते.